प्रबंधातल्या टिपा आणि संदर्भसूची परत परत का बिघडते, आणि ती नीट कशी लावायची

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव शहर, सगळीकडनं एकच प्रश्न यायला लागतो. "टिपांचे नंबर परत हलले ओ, काल रात्री सगळे बरोबर लावले होते, आज गाइडनी एक परिच्छेद वर घ्यायला सांगितला आणि सगळं बोंबललं." किंवा "टीप ३७ मध्ये तत्रैव आहे पण वरची टीप दुसऱ्याच पुस्तकाची आहे." (तत्रैव म्हणजे लगेच वरच्या टिपेतलंच पुस्तक.) नाहीतर "सूची अकारविल्हे लावली तरी ॲ वाले लेखक शेवटी ह च्या पण खाली जाऊन बसायलेत." प्रत्येक जण ते हातानं दुरुस्त करतो, आठवड्यानं परत तेच होतं, मग परत हातानं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय, कारण ज्यांनी चार-पाच वर्षं अर्काइव्हमध्ये, वाचनालयात बसून काम केलंय त्यांचं काम शेवटच्या पंधरा दिवसांत नंबरांपायी खराब दिसावं हे मला पटत नाही.

आधी कारण समजून घ्या म्हणजे उपाय डोक्यात बसतील. टिपेचा नंबर, "तत्रैव" आणि सूचीतली जागा, या तिन्ही गोष्टी शेजारी काय आहे त्यावर ठरतात. १२ हा नंबर तेव्हाच १२ असतो जेव्हा त्याच्या आधी ११ टिपा असतात, तत्रैवचा अर्थ लगेच वरची टीप कुठली त्यावर, आणि सूचीतलं नाव कुठल्या दोन नावांच्या मधे बसणार हे बाकीच्या नावांवर. मजकूर हलला की शेजार बदलतो. आपण मात्र या तिन्ही गोष्टी हातानं टाइप करून ठेवतो, म्हणजे शेजार बदलला तरी अक्षरं तिथंच राहतात. बिघाड एवढाच आहे. बाकी सगळं याच्याच वेगवेगळ्या तऱ्हा.

तर पहिली तपासणी. वर्डमध्ये फाइल उघडा, मजकुरातल्या कुठल्याही टिपेच्या वरच्या छोट्या आकड्यावर डबल क्लिक करा. कर्सर खाली टिपेत उडी मारून गेला तर ती टीप खरी आहे, जिवंत आहे. काहीच झालं नाही, नुसता आकडा सिलेक्ट झाला, तर तो आकडा कुणीतरी हातानं लिहून सुपरस्क्रिप्ट केलेला आहे आणि खालची टीप पण नुसता मजकूर आहे. अशा फाइलमध्ये नंबर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, उद्या परत हलणारच. बऱ्याच फाइलींमध्ये दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, एक प्रकरण घरी टाइप केलेलं, दुसरं डीटीपीवाल्याकडून आलेलं, तिसरं जुन्या एम.फिल.च्या प्रबंधातनं उचललेलं. सगळे हातचे आकडे शोधायचे असतील तर फाइंडमध्ये शब्दाची जागा मोकळी ठेवून फॉरमॅटमधनं फाँटमध्ये सुपरस्क्रिप्ट निवडा, एकेक आकडा समोर येत जाईल, प्रत्येकावर वरची टेस्ट करा.

हातच्या टिपा खऱ्या करायला शॉर्टकट आहे असं सांगणारे भेटतील, मॅक्रो वगैरे. मी म्हणेन प्रकरणभर असेल तर हातानंच करा. आकडा खोडा, तिथंच कर्सर ठेवून रेफरन्सेस टॅबमधनं इन्सर्ट फूटनोट, किंवा कीबोर्डवर ऑल्ट कंट्रोल एफ, आणि खालचा मजकूर कट करून आत पेस्ट. एक संध्याकाळ जाईल पण प्रत्येक टीप नजरेखालनं जाते, आणि त्यातच निम्म्या चुका सापडतात, पान नंबर नसलेल्या, पुस्तकाचं नाव अर्धवट असलेल्या. टीप काढून टाकायची असेल तर वरचा आकडा डिलीट करायचा, खालचा मजकूर नाही. खालचा मजकूर खोडला तर आकडा तसाच राहतो आणि खाली रिकामी टीप दिसते, आणि मग लोक म्हणतात वर्ड खराब झालं.

प्रत्येक प्रकरणाला टिपा १ पासून सुरू करायच्या असतील तर प्रकरण संपतं तिथं साधा पेज ब्रेक चालत नाही, सेक्शन ब्रेक द्यावा लागतो, आणि मग फूटनोटच्या पर्यायांत नंबरिंगसमोर रीस्टार्ट ईच सेक्शन. हे न कळल्यामुळं लोक प्रकरणाप्रमाणे फाइली वेगळ्या ठेवतात, शेवटी जोडतात आणि तिसऱ्या प्रकरणाची पहिली टीप १४३ नंबरची निघते.

"पाहा टीप १२" असं आपण मधेमधे लिहितो ना, तो १२ पण हातचा आकडा आहे. तो क्रॉस रेफरन्समधनं घ्या, प्रकार फूटनोट निवडा, यादीतनं नेमकी टीप निवडा. मग वर दोन टिपा वाढल्या की तो १४ होऊ शकतो, पण आपोआप लगेच होत नाही, फील्ड अपडेट करावे लागतात. कंट्रोल ए, मग एफ नाइन. आणि इथं एक गोम आहे जी फार जणांना माहीत नसते: मजकुरात कंट्रोल ए केलं की फक्त मजकूर सिलेक्ट होतो, तळटिपांचा भाग होत नाही. टिपांच्या आतला "पाहा टीप १२" बदलायला कुठल्याही एका टिपेत क्लिक करून परत कंट्रोल ए आणि एफ नाइन करायचं. प्रिंटच्या आधी हे दोन्ही केलंच पाहिजे.

आता तत्रैव. सगळ्यात जास्त खराबी इथंच होते आणि परीक्षकाच्या नजरेत सगळ्यात आधी हेच येतं, म्हणून थोडं थांबून लिहितो.

समजा तुम्ही सीमाप्रश्नावर लिहिताय. टीप २१ महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाची, टीप २२ तत्रैव, पृ. अमुक, टीप २३ तत्रैव. गाइड म्हणाले १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचा उल्लेख इथं यायला पाहिजे, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, तो दाखला द्या. बरोबर आहे गाइडचं. तुम्ही टीप २१ आणि २२ च्या मधे संमेलनाच्या वृत्तांताची टीप घातली. नंबर आपोआप सरकले, २२ ची २३ झाली, दिसायला सगळं छान. पण ती जुनी "तत्रैव" आता संमेलनाच्या वृत्तांताकडं बोट दाखवायलीय. म्हणजे १९६७ च्या आयोगाचं वाक्य तुम्ही १९४६ च्या संमेलनाच्या नावावर टाकलं. नंबर चुकला तर वाचक ओळखतो, हसतो आणि पुढं जातो, पण तत्रैव चुकलं तर ते चूक आहे हेच कळत नाही, पुढचा संशोधक तुमच्यावर विश्वास ठेवून तसंच उचलतो. मला म्हणून तत्रैवची काळजी नंबरांपेक्षा जास्त वाटते.

"उनि." आणि "पूर्वोक्त", म्हणजे आधी कुठंतरी सांगितलेलं पुस्तक, यांचं तर अजून अवघड. तुम्ही लिहिता "फडके, उनि., पृ. ५६". वर कुठंतरी फडक्यांचं पुस्तक आलेलं असतं, पण कुठं? वाचक चाळीस टिपा मागं जातो. आणि मधे त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक आलं असेल तर संपलंच.

उपाय साधा आहे आणि मी सगळ्यांना तोच सांगतो. लिहीत असताना तत्रैव, उनि., पूर्वोक्त, कित्ता यातलं काहीही वापरू नका. पहिल्या वेळी पूर्ण नोंद, त्यानंतर प्रत्येक वेळी लघुनोंद: आडनाव, पुस्तकाच्या नावाचे पहिले एक-दोन शब्द, पृष्ठ. मजकूर कितीही वरखाली करा, लघुनोंद स्वतःच्या पायावर उभी असते, शेजारावर अवलंबून नसते. विभागाचा आग्रह असेलच की तत्रैव पाहिजे, तर सगळ्यात शेवटी, गाइडची सही झाल्यावर, एकही परिच्छेद हलणार नाही हे पक्कं झाल्यावर, वरनं खाली एकदाच वाचत जा आणि लागोपाठच्या टिपांमध्ये बदला. फाइल आधीच बिघडलेली असेल तर उलटं करा: फाइंडमध्ये तत्रैव घाला, शोध फक्त फूटनोट्समध्ये करायचा पर्याय आहे तो निवडा, आणि प्रत्येक तत्रैवला मूळ पुस्तकाच्या किंवा स्वतःच्या नोंदींच्या कार्डाच्या आधारानं लघुनोंदीत बदला. वरची टीप बघून अंदाजानं बदलू नका. वरची टीप हीच तर संशयाची जागा आहे.

लघुनोंदीत पण एक काळजी. बेळगाव जिल्ह्यावर काम करणाऱ्याला गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, लागतंच. आता "बेळगाव गॅझेटियर, पृ. ४५" एवढंच लिहिलं तर ते कुठलं? मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २१ वा खंड, १८८४ चा, की नंतर कर्नाटक सरकारनं काढलेलं? दोन्हींत जिल्हा तोच, नाव जवळपास तेच, पण मधे १९५६ ची राज्य पुनर्रचना, तालुक्यांची माहिती वेगळी, आकडे वेगळे. इथं लघुनोंदीत साल घालायलाच पाहिजे. सरकारी अहवाल, जनगणना, संमेलनांचे वृत्तांत या सगळ्यांना हाच नियम, नावावरनं ओळख पटत नसेल तर साल जोडा. बेळगावला मराठी साहित्य संमेलन एकापेक्षा जास्त वेळा झालंय, १९२९ ला शि. म. परांजपे अध्यक्ष होते, १९४६ ला माडखोलकर, २००० ला य. दि. फडके. नुसतं "बेळगाव संमेलन वृत्तांत" लिहून कसं चालेल.

झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवून टिपा आणि सूची लावणारं सॉफ्टवेअर, वापरत असाल तर यातलं बरंच आपोआप होतं. फुकट आहे, वर्डला जोडतं, टिपेची शैली निवडली की पहिल्यांदा पूर्ण नोंद, नंतर छोटी, आणि लागोपाठ आली तर आयबिड (इंग्रजीतलं तत्रैव), हे ते स्वतः ठरवतं आणि मजकूर हलवला की परत ठरवतं. मराठी प्रबंधात तो इंग्रजी शब्द नको असतो, त्यासाठी शैलीच्या फाइलमध्ये त्या संज्ञेच्या जागी तत्रैव घालता येतं, संपा., अनु., पृ. पण तसेच. कॉम्प्युटरची थोडी सवय असलेल्या कुणालाही हे जमतं, एकदा केलं की विभागातले सगळे तीच फाइल वापरू शकतात. पण झोटेरोनं घातलेल्या टिपेत जाऊन हातानं अक्षरं बदलू नका, पुढच्या रिफ्रेशला ती उडतात किंवा ते विचारत बसतं. बदल करायचा तो झोटेरोच्या लायब्ररीत नाहीतर त्या टिपेच्या सायटेशनच्या चौकटीत. पृष्ठ क्रमांक तिथंच घालतात.

आता सूची. इथं मराठीची स्वतःची दुखणी आहेत, इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तकांत ती सापडणार नाहीत.

पहिलं म्हणजे फाँट. फाइल श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये असेल तर सॉर्ट करायच्या नादाला लागू नका. त्यात पडद्यावर क दिसतो पण आत कॉम्प्युटरच्या लेखी ते भलतंच अक्षर असतं, म्हणून क्रम लागतो तो कुठल्याच भाषेचा नसतो. आधी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) बदला, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, मग सॉर्ट. हेच कन्नडचं. आपल्याकडं कन्नड संदर्भ टाइप करून घेतले की बऱ्याचदा नुडीत (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) येतात, आणि जुन्या नुडीतला मजकूर पण युनिकोड नसतो. तुमच्या मशीनवर कन्नड दिसतं, परीक्षकाच्या मशीनवर नुसत्या खुणा. टाइप करणाऱ्याला आधीच सांगा की युनिकोडमध्ये पाहिजे, नंतर बदलण्यात फार वेळ जातो.

युनिकोडमध्ये आल्यावर पण क्रम लगेच मराठी होत नाही. कॉम्प्युटर जर नुसत्या संकेतांकांच्या क्रमानं लावत असेल तर काय होतं ते बघा. ळ तिथं ल आणि व च्या मधे बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. क्ष म्हणजे क ला हलंत देऊन ष, म्हणून क्षीरसागर क च्या गटात अगदी शेवटी जातात, ज्ञ तसाच ज च्या शेवटी. आणि ॲ हे एकच अक्षर म्हणून टाइप केलं असेल तर त्याचा संकेतांक फार नंतरचा आहे, आकड्यांच्याही पुढचा, म्हणून ॲ नं सुरू होणारी नोंद सगळ्यात खाली. तेच अ वर चंद्र देऊन दोन भागांत टाइप केलं तर ती अ मध्ये येते. दिसायला दोन्ही सारखेच! एकाच सूचीत एक वर एक खाली, आणि माणूस डोकं धरून बसतो. ऱ्ह, ऱ्य चं पण असंच, ते दोन पद्धतींनी टाइप होतं, म्हणून "मऱ्हाटी" शोधलं तर काही ठिकाणचे सापडतात आणि काही नाही. फाइंड रिप्लेस करून एकच पद्धत करून घ्या, ॲ ला आणि ऱ्ह ला, सॉर्टच्या आधी.

अनुस्वाराचं तर आपल्यातच एकमत नाही. कंग्राळकर आधी की कडोलकर? बाराखडीप्रमाणं कं शेवटी येतो, कोशांमध्ये बहुतेक अनुस्वारवाले शब्द आधी असतात, कॉम्प्युटर पण आधीच टाकतो. माझं मत कोशाचा क्रम घ्यावा, म्हणजे कंग्राळकर आधी, कारण ग्रंथालयात जाणाऱ्या वाचकाला ती सवय असते. पण तुमच्या विभागात दुसरी रीत असेल तर ती घ्या, फक्त गाइडला विचारून एकदाच ठरवा आणि सूचीच्या वर एका ओळीत लिहून टाका की वर्णक्रम कसा लावलाय.

प्रत्यक्ष लावायला सोपा मार्ग लिब्रे ऑफिसचं कॅल्क. सूची एका स्तंभात पेस्ट करा, सॉर्टच्या ऑप्शन्समध्ये भाषा निवडायची सोय आहे, मराठी निवडा. पूर्ण सूची टाकायच्या आधी ळ, क्ष, ज्ञ, ॲ आणि अनुस्वार असलेली पाच-सहा नावं घालून बघा क्रम मनासारखा येतो का. एखादं नाव हट्टानं चुकीच्या जागी जात असेल तर शेजारी दुसरा स्तंभ करा, त्यात क्रमापुरतं आडनाव लिहा आणि त्या स्तंभावर सॉर्ट करा, छापताना तो स्तंभ काढून टाका. काम झाल्याशी मतलब.

झोटेरोची सूची मराठी, कन्नड, इंग्रजी एकत्रच येते, भाषेप्रमाणं तीन भाग ते करून देत नाही. म्हणून शेवटी फाइलची कॉपी करून, त्या कॉपीत अनलिंक सायटेशन्स करायचं (म्हणजे झोटेरोशी संबंध तोडायचा) आणि मग हातानं तीन भाग पाडायचे. मूळ फाइल जिवंतच ठेवा, व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) नंतर दुरुस्त्या येतात तेव्हा तीच लागते.

नावांबद्दल आपल्या भागात विशेष काळजी लागते कारण आपण दोन भाषांतनं संदर्भ घेतो. मराठीत आडनाव आधी हा नियम लावून मोकळं होता येतं, कन्नडमध्ये येत नाही. उत्तर कर्नाटकात कलबुर्गी, बेंद्रे अशी आडनावं असतात, एम. एम. कलबुर्गी हे कलबुर्गी खालीच जाणार. पण यू. आर. अनंतमूर्ती यांच्या नावात यू म्हणजे उडुपी आणि आर म्हणजे वडिलांचं नाव राजगोपालाचार्य, अनंतमूर्ती हे त्यांचं स्वतःचं नाव, ते अ मध्ये येतं आणि तिथं आडनाव शोधत बसायचं नसतं. कन्नड कवी कुवेंपु हे तर नावाच्या अक्षरांवरनं झालेलं टोपणनाव, कुसुमाग्रजांसारखं एकसंध ठेवायचं. झोटेरोत अशा नावांसाठी आडनाव आणि नाव असे दोन रकाने एक करायचं छोटं बटण असतं, ते दाबा. ज्ञानेश्वर, तुकाराम यांनाही तेच, नाहीतर कुठल्यातरी रिकाम्या रकान्यापायी स्वल्पविराम लटकत राहतो.

द. रा. बेंद्रे घ्या. कन्नडचे एवढे मोठे कवी, मराठीतही लिहिलंय, आणि कन्नड कविता अंबिकातनयदत्त या नावानं. प्रबंधात त्यांची मराठी नोंद, कन्नड लिपीतली नोंद, इंग्रजी लेखातली नोंद आणि टोपणनावाची नोंद अशी चार वेगवेगळी माणसं तयार झालेली मी पाहिलीत. शं. बा. जोशींचं तसंच, जन्म आपल्या सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचा, लिखाण कन्नड आणि मराठी दोन्हींत. उपाय म्हणजे लेखकांची एक छोटी यादी आधीच करून ठेवा, प्रत्येकाचं एक प्रमाण रूप, आणि दुसऱ्या रूपाखाली "पाहा बेंद्रे, द. रा." एवढंच. कन्नड पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहायचं की कन्नड लिपीत हे पण एकदाच ठरवा. मला कन्नड लिपीतलं मूळ आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर दोन्ही द्यावं असं वाटतं, जागा जाते पण ज्याला पुस्तक काढायचंय त्याला धारवाडच्या ग्रंथालयात ते मूळ नावानंच मागावं लागणार.

प्रकाशनस्थळ पुस्तकाच्या शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच घ्या. बेळगाव, बेळगांव, बेळगावी, जे असेल ते. २०१४ च्या नोव्हेंबरनंतर सरकारी नाव बदललं म्हणून १९३० च्या पुस्तकाच्या नोंदीत बदल करायचा नाही, आणि आपल्या मनात काही असलं तरी नव्या सरकारी प्रकाशनाच्या नोंदीतलं नाव खोडायचं नाही. नोंद म्हणजे पुस्तक शोधायची खूण, तिथं आपलं मत येत नाही. मत मांडायला प्रकरणं आहेतच.

सालाचा घोळ थोडक्यात. जुन्या पुस्तकांवर शके असतं. शके १८२० आणि इ. स. १९०५ एकाच सूचीत तसेच ठेवले तर एकाच लेखकाच्या पुस्तकांचा क्रम चुकतो. शकात ७८ मिळवा, तारीख जानेवारी ते चैत्राच्या आधीची असेल तर ७९, म्हणजे शके १८२० ला इ. स. १८९८-९९. छापलेलं शक आधी लिहा, काढलेलं इसवी सन चौकटी कंसात, म्हणजे ते तुम्ही काढलंय हे कळतं. मोडी कागदात शुहूर सन (जुन्या दप्तरांतली एक कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवा, फसलीला (महसुली सनाला) ५९० किंवा ५९१. महिना बघूनच ठरवा.

ताम्रपट, शिलालेख यांच्या टिपांत एक गोष्ट नेहमी राहते. खानापूर तालुक्यातल्या हलशीचे कदंबांचे ताम्रपट अभ्यासक फ्लीटनं इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात छापले. तुम्ही ते तिथं वाचले असतील तर खंड, पान आणि लेखातली ओळ द्या. पण एखाद्या मराठी पुस्तकात उतारा वाचला असेल तर टीप त्या मराठी पुस्तकाची, आणि "उद्धृत" असं स्पष्ट लिहा. मूळ न बघता मूळची टीप दिली की त्या मराठी पुस्तकातली छपाईची चूक पण तुमच्या नावावर येते, आणि पानाचा आकडा चुकला तर परीक्षकाला लगेच कळतं की मूळ उघडलेलंच नाही.

ज्यांचा प्रबंध संपादनाचा आहे, म्हणजे एखादी पोथी, बखर, पोवाडा, त्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्याकडं तीन तऱ्हेच्या टिपा असतात: पाठभेद (वेगवेगळ्या प्रतींतले शब्दांचे फरक), शब्दार्थ आणि संदर्भ. तिन्ही एकाच नंबरांच्या माळेत ओवल्या की एका ओवीवर पाच आकडे चढतात आणि वाचक ओवी वाचायची सोडून देतो. वेगळ्या करा. पाठभेदाला टिपेचा आकडा नकोच, ओवीचा नाहीतर ओळीचा क्रमांक पुरे: खाली "ओवी १४, दुसरा चरण: क प्रतीत अमुक, ख प्रतीत तमुक". ओवीचा क्रमांक मूळ संहितेचा आहे, तो तुमच्या टिपा वाढल्या म्हणून हलत नाही. संदर्भ फूटनोटमध्ये, शब्दार्थ एंडनोटमध्ये. वर्डमध्ये या दोन माळा एकाच वेळी चालतात, एकीला आकडे आणि दुसरीला अक्षरं द्या. प्रतींना क, ख, ग अशी चिन्हं पहिल्याच पानावर ठरवून सांगा, प्रत कुठल्या संग्रहातली, पानं किती, लेखनकाळ असला तर तो. नंतर नवी प्रत सापडली तर तिला पुढचं अक्षर द्या, जुन्यांची अक्षरं बदलू नका, नाहीतर शेकडो पाठभेद परत लिहावे लागतील.

राहिलं फाइल फिरवण्याचं. झोटेरोच्या टिपा असलेली वर्ड फाइल मोबाइलवर उघडून दुरुस्त करू नका. गूगल डॉक्समध्ये टाकून परत वर्डमध्ये आणली तर टिपांचा झोटेरोशी संबंध तुटू शकतो, त्यासाठी झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये स्विच वर्ड प्रोसेसर्स असा पर्याय आहे, तो वापरूनच इकडून तिकडं न्या. गाइडला वाचायला पीडीएफ द्या, दुरुस्त्या कागदावर नाहीतर कॉमेंटमध्ये मागा. डीटीपीला देताना पण आधी पीडीएफ द्या आणि सोबत अनलिंक केलेली कॉपी, आणि स्पष्ट सांगा की टिपा परत टाइप करायच्या नाहीत. काही ठिकाणी सवयीनं सगळा मजकूर पेजमेकरला नेतात, तिथं गेलं की टिपा नुसता मजकूर होतात आणि मग वर लिहिलेलं सगळं पहिल्यापासून सुरू. प्रिंट हातात आल्यावर प्रत्येक प्रकरणातली पहिली, मधली आणि शेवटची टीप उघडून पुस्तकाशी ताडून बघा, आणि कन्नड संदर्भ असलेली पानं दुसऱ्या कुणाच्यातरी मशीनवर एकदा उघडून बघा.